परसातील चिकित्साकक्ष आणि भेषजागार



२०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्यापैकी कित्येकांनी भाड्याचा गाळा सोडून राहत्या घरी रुग्ण पाहण्यास प्रारंभ केला. काहींनी ही सोय तात्पुरती मानली, काहींची ती कायमची झाली. प्रस्तुत लेखिका दुसऱ्या वर्गातील होय. सातारा रस्त्यालगत चौदा वर्षे चालविलेला दवाखाना मी मार्च २०२१ मध्ये बंद केला आणि बिबवेवाडीतील आमच्या बंगल्याच्या मागील अंगास, बागेला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत चिकित्साकक्ष थाटला. खोली दहा फूट बाय चौदा फूट, पुढे लहानशी पडवी आणि समोर सासूबाईंनी वाढविलेली बाग. तेव्हापासून जागा कशी निवडली, परवानगी लागते का, औषधे कोठे ठेवता, अशी पृच्छा अनेक सहव्यावसायिकांनी केली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला चूक करून शिकावे लागले. या लेखाचा बराचसा भाग त्या चुकीसाठी खर्ची पडणार आहे.

प्रथम जागेविषयी. बिबवेवाडी हे नाव उच्चारताच वैद्याच्या मनात भल्लातक उभा राहतो, परंतु येथील आजचा रहिवासी बिब्ब्यापेक्षा उताराला अधिक ओळखतो. खाली गुलटेकडीचे मार्केट यार्ड, वर अप्पर इंदिरानगर, पलीकडे कोंढवा आणि कात्रजच्या टेकड्या. पावसाचे पाणी येथे थांबत नाही, धावते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या, म्हणजे उपकल्पनीय अध्यायात संशोधनकर्मासाठी गृह कसे असावे हे सविस्तर सांगितले आहे. ते वास्तुविद्येत कुशल असलेल्या माणसाकडून करून घ्यावे, मजबूत असावे, निवात असूनही एका बाजूने वारा खेळता असावा, धूर, ऊन, पाणी व धूळ तेथे पोहोचू नये, आत सुखाने हिंडता-फिरता यावे. याच ओघात ते अनुपत्यक असावे असाही निर्देश आहे. उपत्यका म्हणजे डोंगराच्या पायथ्याची भूमी. महाविद्यालयात हा शब्द आपण परीक्षेपुरता पाठ केला. बिबवेवाडीत राहणाऱ्याला तो दर पावसाळ्यात नव्याने कळतो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेल्या आंबिल ओढ्याच्या पुराने पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर या आपल्या शेजारच्या भागांत काय केले, ते पुणेकरांच्या स्मरणात आहे. माणसे दगावली, जनावरे वाहून गेली, तळमजल्यांवरील दुकाने व दवाखाने चिखलाने भरले. त्याच वर्षी २९ जून रोजी मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका गृहसंकुलाची सीमाभिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली व लहान मुलांसह अनेकांचा अंत झाला. या दोन घटनांवरून परसात खोली करू पाहणाऱ्याने दोन गोष्टी अवश्य घ्याव्यात. पहिली अशी की, उताराच्या वरच्या बाजूचे पाणी आपल्या आवारात कोठून शिरते व कोठून बाहेर पडते हे एखाद्या जोराच्या सरीत छत्री घेऊन स्वतः पाहावे; नकाशावरून ते समजत नाही. दुसरी अशी की, ज्या सीमाभिंतीच्या पलीकडे मातीचा भराव आहे, त्या भिंतीला टेकून खोली करू नये, रुग्णांना बसण्याचे बाकही तेथे टाकू नये. आमच्या खोलीचे जोते अंगणापासून जेमतेम नऊ इंच उंच होते. अंगणच दीड फूट खणून, फरसबंदीस उतार देऊन पाणी पुढील गटाराकडे वळवावे लागले. सर्वांत अधिक खर्च या अदृश्य कामावर झाला. भिंतींचा रंग व टेबलखुर्ची त्या मानाने स्वस्त पडतात.

दिशेचा विचार पुण्यापुरता सोपा आहे. दुपारचे ऊन व पावसाचा मारा दोन्ही पश्चिमेकडून येतात. म्हणून पश्चिमेस कोरी भिंत किंवा दाट झाड, आणि दार व मोठी खिडकी पूर्वेस वा उत्तरेस. छप्पर पत्र्याचे असल्यास आषाढात रुग्णाचे बोलणे ऐकू येत नाही आणि वैशाखात नाडीपरीक्षा करणाऱ्याचाच पित्तप्रकोप होतो. स्लॅब असेल तर त्यावर पांढरा चायना मोझॅक करून घ्यावा; खोलीतील फरक हाताला जाणवतो.

परवानगीविषयी थोडक्यात. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार निवासी विभागात तेथेच राहणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकास मर्यादित क्षेत्रात बाह्यरुग्ण तपासणी करता येते. आंतररुग्ण ठेवता येत नाहीत. परंतु ही मुभा वापराची आहे, बांधकामाची नव्हे. बंगल्याभोवतीच्या सामासिक अंतरात, म्हणजे ज्याला आपण बोलताना साइड मार्जिन म्हणतो त्यात, पत्रा टाकून उभारलेली खोली अनधिकृतच ठरते, मग आत धन्वंतरीची तसबीर असो वा नसो. वाहनतळाचा दवाखाना करणेही तसेच. आमची कोठीची खोली व पडवी मूळ मंजूर नकाशात होती, म्हणून आम्ही सुटलो. ज्यांच्या नकाशात अशी खोली नाही त्यांनी आधी वास्तुविशारदाकडून शिल्लक चटईक्षेत्र तपासावे, सोसायटीचे ना-हरकत पत्र घ्यावे आणि मगच गवंड्याला बोलवावे. दवाखान्यासाठी वापरलेल्या भागास मिळकतकराची आकारणी बिगरनिवासी दराने होते, हेही हिशेबात धरावे.

आता मूळ विषयाकडे वळते.

गाळ्यात असताना माझ्याकडे दोन खोल्या होत्या. एकीत तपासणी व औषधे, दुसरीत स्नेहन-स्वेदन. मार्केट यार्डातील हमाल बांधव, भाजीपाल्याच्या गाड्या भरणाऱ्या भगिनी, कटिशूलाचे व जानुसंधिगत वाताचे रुग्ण हा माझ्या व्यवसायाचा कणा. त्यांना स्वेदन हवेच. घरी आल्यावर खोली एकच उरली. मी तिच्या मध्यभागी जाड पडदा लावला. पुढे टेबल, मागे द्रोणी व स्वेदनपेटी, आणि उत्तरेच्या भिंतीला औषधांचे लाकडी कपाट. सर्व काही हाताशी आले म्हणून मला मोठे समाधान वाटले होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये एका मातेने सितोपलादी चूर्णाची पुडी परत आणून दिली. चूर्णाचे खडे झाले होते आणि कडेला करड्या रंगाची लव दिसत होती. तिच्या चार वर्षांच्या मुलाने ते तीन दिवस मधातून घेतले होते. सुदैवाने मुलाला काही झाले नाही. मी कपाट उघडले. लवणभास्कर चूर्णाचा दगड झाला होता, अविपत्तिकर हाताला चिकटत होते, गुग्गुळकल्पांच्या गोळ्या एकमेकींस बिलगल्या होत्या. मला राग आला, तो औषधनिर्मात्याचा. पावसाळा नव्हता. पुण्यातील माघ महिन्याची हवा किती कोरडी असते, हे ओठ फुटलेल्या कोणालाही ठाऊक आहे. मग ओल आली कोठून? अर्थात ती कारखान्यातच आली असणार, असा मी निर्णय करून टाकला, दूरध्वनीवर चार कठोर शब्द बोलले आणि त्या महिन्याचे देयक अडवून ठेवले.

ते गृहस्थ वयाने वडील. ते एवढेच म्हणाले, "ताई, बॅच क्रमांक सांगा. राखीव नमुना आमच्याकडे असतो, तो उघडून पाहतो." तिसऱ्या दिवशी ते नमुना घेऊन स्वतः आले. त्याच बॅचचे चूर्ण, त्याच तारखेचे, बोटांतून वाळूसारखे निसटत होते. त्यांनी माझ्या कपाटाच्या मागे हात घातला व ओला तळवा मला दाखविला. काही बोलले नाहीत.

त्यानंतर मी दोनशे-अडीचशे रुपयांस मिळणारा एक आर्द्रतामापक आणून कपाटात ठेवला. स्वेदनाचे तीन रुग्ण झाल्यावर सायंकाळी त्याचा काटा पंच्याऐंशीच्या पुढे होता. त्याच वेळी बागेत तो तीसच्या आसपास होता. गोष्ट उघड होती. पेटीतून व नाडीस्वेदाच्या नळीतून निघालेली वाफ खोलीतच राही. उत्तरेची भिंत रात्री सर्वांत आधी थंड होई आणि त्या थंड भिंतीवर, नेमकी कपाटामागे, वाफेचे पुन्हा पाणी होई. थंडीच्या दिवसांत मी खिडक्या बंद ठेवी, म्हणून पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात अपाय अधिक. सितोपलादीत सोळा भाग खडीसाखर. ती पाणी ओढून घेणारच. लवणभास्करातील लवणांविषयी तर बोलायलाच नको.

त्या रात्री मी कल्पस्थानाचा पहिला अध्याय पुन्हा काढला. औषधद्रव्ये कोठे ठेवावीत हे सांगताना चरकाचार्यांनी पूर्वेस वा उत्तरेस दार असलेले, निवात परंतु एका बाजूने हवा येणारे घर सांगितले आहे, आणि अग्नी, पाणी, धूर, धूळ, उंदीर व चतुष्पाद प्राणी यांपासून द्रव्ये दूर राखण्यास सांगितले आहे. या यादीत पाण्यापाठोपाठ आणखी एक शब्द येतो : उपस्वेद. वाफेची, दमटपणाची ओल. वीस वर्षांपूर्वी विद्यार्थिदशेत या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघही ओढली होती. सुश्रुताचार्यांनीही धूर, पाऊस, वारा व क्लेद यांची बाधा कोणत्याही ऋतूत होणार नाही असे घर औषधांसाठी सांगितले असून भेषजागाराचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. आता ही दोन वर्णने शेजारी ठेवून पाहावीत. उपकल्पनीय अध्यायातील गृहात पाणी, स्नानगृह, स्वयंपाकघर सारे आहे. ते रुग्णाचे घर आहे. कल्पस्थानातील घर कोरडे आहे. ते द्रव्यांचे घर आहे. संहिताकारांनी ही दोन घरे सांगितली आणि मी एका पडद्याच्या आधारे त्यांचे एक केले.

जागा कमी असली की हा मोह प्रत्येकाला होतो. गेल्या दोन वर्षांत मी घरगुती चिकित्साकक्ष पाहिले त्यांपैकी बहुतेकांत स्वेदनपेटी आणि औषधांची मांडणी एकाच छताखाली आहे. काही ठिकाणी तर काढ्याची शेगडीही तेथेच. वैद्य कपाटाच्या दारास रबरी पट्टी लावतात, सिलिका जेलच्या पुड्या टाकतात. हे उपाय त्या दिवशी हवेत असलेल्या ओलीपुरते ठीक. रोज नव्याने वाफ करणाऱ्या खोलीत ते पुरे पडत नाहीत.

मी काय बदलले ते सांगते. त्या महिन्यात ज्यांना सितोपलादी वा अविपत्तिकर दिले होते, त्या रुग्णांना नोंदवहीवरून दूरध्वनी केले, औषध टाकून देण्यास सांगितले व नवे दिले. ते लाजिरवाणे काम होते, पण एकाही रुग्णाने त्यावरून येणे सोडले नाही. देयक चुकते केले व क्षमा मागितली. स्वेदन पडवीच्या टोकाला, न्हाणीघराशेजारी हलविले, तेथे वर धूर बाहेर फेकणारा पंखा बसविला आणि वाफेच्या दिवशी तपासणीच्या खोलीचे आतले दार बंद ठेवण्याचा नियम केला.

राहिली औषधे. ती कोठे ठेवावीत हा विचार चालू असता सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझ्या पापडांच्या कोठीत ठेव की. पस्तीस वर्षांत एका कुरडईला बुरशी आली नाही तिथे." ही कोठी घराच्या मध्यभागी, जिन्याखाली आहे. तिची एकही भिंत बाहेरची नाही, म्हणून कोणतीही भिंत थंड पडत नाही. दार पूर्वेकडील ओसरीत उघडते, त्यातून हवा येते, ऊन येत नाही. आर्द्रतामापक तेथे एक आठवडा ठेवला. भर श्रावणातही काटा साठच्या वर क्वचितच गेला. घरात भेषजागाराची जागा शोधणाऱ्यांना माझी सूचना अशी की, पापड, शेवया व साठवणीचे तिखट घरात कोठे टिकते हे आधी विचारावे. पापड आणि औषध शेजारी ठेवावे असा याचा अर्थ नव्हे. आम्ही फळीची आडभिंत घातली. औषधांच्या बाजूस कुलूप आहे आणि तिखटाचा डबा बाहेर गेला.

चिकित्साकक्षात आता केवळ आठवड्याची औषधे असतात, तीही घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत. मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेली आहे. कापूर, ओवाअर्क अशी उग्र गंधाची द्रव्ये निराळ्या खणात. प्रत्येक बरणीवर बॅच क्रमांक, कालमर्यादा आणि त्याखाली, माझ्या हाताने, उघडल्याची तारीख. ही तिसरी तारीख महत्त्वाची आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१ बी प्रमाणे चूर्णास दोन वर्षांची कालमर्यादा मिळते. शार्ङ्गधराचार्यांनी चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते असे म्हटले आहे. या दोहोंत विरोध आहे असे मानून वाद घालणारे वैद्य मी पाहिले आहेत. माझ्या मते पहिली मर्यादा कारखान्यात बंद केलेल्या डब्याची आहे, आणि रोज दहा वेळा उघडणाऱ्या बरणीला दुसरी लावावी. तशी लावल्यापासून मी मोठे डबे मागविणे बंद केले. औषधनिर्मात्या बांधवांस येथे विनंती की, एक किलोच्या डब्यावर अधिक सूट देण्याची प्रथा घरगुती दवाखान्यांच्या बाबतीत थोडी बदलावी. आम्हाला शंभर ग्रॅमची पाकिटे अधिक उपयोगी आहेत, थोडी महाग पडली तरी.

कायद्याचा एक मुद्दा येथेच सांगणे इष्ट. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील कलम ३३ ईईसी प्रमाणे वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधास निर्मितीच्या परवान्याची अट लागू नाही, आणि अशा वैद्यास शेड्यूल टी मधील उत्तम निर्मिती पद्धतीच्या अटींतूनही सूट आहे. 'स्वतःच्या रुग्णांसाठी' हे शब्द मात्र मोजून घ्यावेत. परसातील खोलीत केलेले तेल शेजारच्या दुकानात विक्रीस ठेवले की ही सूट संपते, आणि ते ठेवून घेणारा दुकानदारही अडचणीत येतो.

आता बागेविषयी. चिकित्साकक्ष बागेत असण्याचा लाभ रुग्णाच्या मनास होतो हे खरेच. प्रतीक्षेत बसलेला माणूस पारिजातकाखाली कमी चिडतो. पण वैद्यास होणारा लाभ निराळा आहे. परिभाषेत काही द्रव्ये नित्य आर्द्रच घ्यावीत असे सांगितले आहे : गुडूची, कुटज, वासा, कूष्माण्ड, शतावरी, अश्वगंधा इत्यादी. इतर ओल्या द्रव्यांचे प्रमाण दुप्पट घ्यावे लागते, यांचे नाही. यांपैकी अडुळसा, गुळवेल व शतावरी ही तीन तरी पुण्यातील कोणत्याही कुंपणावर सहज येतात. वासास्वरसासाठी मी आता बाजाराकडे पाहत नाही.

मात्र स्वतः लावलेले म्हणून ते खरे, असे समजू नये. आमच्या कुंपणावरची एक 'गुळवेल' मी वर्षभर कौतुकाने वाढविली. तिच्या खोडावर बारीक चामखिळीसारखे उंचवटे होते. ती टिनोस्पोरा क्रिस्पा निघाली. आपली गुडूची ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, तिच्या खोडावर असे उंचवटे नसतात. २०२२ च्या फेब्रुवारीत आयुष मंत्रालयाने याच दोन वेलींची गल्लत टाळण्याविषयी सूचना प्रसिद्ध केली होती. शंका असल्यास फांदी, पान व फुलाचा नमुना घेऊन कोरेगाव रस्त्यावरील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातील तज्ज्ञांचे मत घ्यावे. कुंड्यांखालच्या बशा मात्र काढून टाकाव्यात. ज्वराच्या रुग्णाला आपल्याच बागेतील डास चावणे शोभत नाही.

आणखी एक मोह बागेमुळे होतो, तो खड्ड्याचा. रक्तमोक्षणानंतरचा कापूस, वापरलेल्या सुया, जळवा यांची विल्हेवाट कंपोस्टच्या खड्ड्यात लावणारे सहव्यावसायिक मला माहीत आहेत. २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम आयुष दवाखान्यांनाही लागू आहेत, अगदी एकही खाट नसली तरी. नोंदणी करावी, पिवळी पिशवी व सुयांसाठी न भेदणारा डबा ठेवावा, आणि गाडीची वेळ लक्षात ठेवावी.

घर आणि व्यवसाय यांच्या सीमेविषयी मी फार लिहीत नाही. प्रत्येकाचे कुटुंब वेगळे. आमच्याकडे रुग्णांसाठी बाजूचे फाटक आहे, स्वयंपाकघराची खिडकी त्या बाजूस असल्याने तिला अर्धपारदर्शक काच लावली आहे, आणि दुपारी एक ते पाच फाटकाला कडी असते. स्त्री रुग्णांना पडवीतील बोलणे बागेत ऐकू जाते की काय अशी भीती वाटे. म्हणून तपासणीचे टेबल पडवीपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात नेले. दूरध्वनीवरून सल्ला देण्यासाठी तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने एप्रिल २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यांत नोंद ठेवण्यावर भर आहे. घरी बसल्यावर रात्री साडेदहाला सोफ्यावरून दिलेला सल्ला नोंदवहीत जात नाही, म्हणून मी रात्रीचे दूरध्वनी घेण्यासाठीही उठून टेबलाशी जाते.

चरकाचार्यांच्या यादीपैकी अग्नी, पाणी, उपस्वेद, धूर व धूळ यांची व्यवस्था लागली. उंदरांची अद्याप लागलेली नाही. जिन्याखालच्या कोठीत त्यांनी गेल्या महिन्यात शतावरीच्या मुळांची एक पिशवी फोडली. संहितेत द्रव्ये शिंक्यावर टांगून ठेवण्यास सांगितले आहे. सासूबाईंना ते वाचून दाखविले. त्यांनी सुंभ मागवून दोन शिंकी विणली, आणि आता मुळे व साली तेथे, जमिनीपासून पाच फुटांवर, लोंबकळत आहेत.